दोन इंद्रियांचे पाहुणे

काचेच्या बरणीतले ते जीव वळवळले आणि चेलना डॉक्टरांच्या केराच्या डब्यात भडाभडा ओकली.

तशी ती काही नाजूकसाजूक मुलगी नव्हती. वक्तृत्व स्पर्धेचा करंडक जयसिंगपूरला घरी आणून तिला महिनाही झाला नव्हता. तेव्हापासून तिची पक्की समजूत झाली होती, की जगात काहीही समोर आलं तरी आपण त्याला बोलून गप्प करू शकतो. पण बरणीत जे होतं त्याच्याशी काय बोलणार, कपाळ? बोटाच्या पेराएवढे, शेवयांच्या तुकड्यांसारखे, फिकट गुलाबी. एका टोकाला वाकलेले, जणू कुणीतरी मान मोडून ठेवलीय. त्यातला एक काचेला चिकटून सावकाश वर सरकत होता. शेवयांची खीर चेलनाला फार आवडायची. आवडायची! आता संपला तो विषय.

"सॉरी डॉक्टर," ती तोंड पुसत म्हणाली.

"होतं असं," डॉ. वहिदा शिकलगारांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "मागच्या आठवड्यात सांगलीचा एक पैलवान आला होता. तो तर खुर्चीसकट आडवा झाला."

"जिवंत हाईत काय हो हे?" चेलनाच्या आईनं, राजमतीनं विचारलं. तिला ना मळमळ, ना शिसारी. शेजारणीच्या बाळाकडं बघावं तशी ती बरणीकडं बघत होती.

"जिवंत आहेत. आणि तुमची तयारी असेल तर ते तुमच्या पोटात राहायला येतील."

"ईऽऽ!" म्हणत चेलनानं डबा पुन्हा जवळ ओढला.

गोष्ट अशी होती. राजमती लहान असताना तिला सांधे धरणारा ताप आला होता. ताप गेला, पण जाताना हृदयातल्या एका झडपेवर आपली खूण ठेवून गेला. वर्षं गेली तशी ती झडप जाड झाली, आखडली. आता चाळिशी उलटल्यावर मंदिराच्या पायऱ्या चढल्या की राजमती खांबाला धरून धापा टाकत उभी राहायची. झडप बदलायला हवी होती. मिरजेच्या या दवाखान्यात तसली ऑपरेशनं यंत्राची बारीक बोटं रोज करत होती, त्यात आता कुणाला नवल वाटत नव्हतं. तरी राजमतीचं ऑपरेशन दोनदा पुढं ढकललं गेलं, आणि दोन्ही वेळा अडलं ते रक्तापाशी. तिचं हिमोग्लोबिन आठाच्याही खाली होतं. नखं कागदासारखी पांढरी.

"मग बाटल्या चढवा की," चेलनाचे वडील अण्णा म्हणाले. ते पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं काम करायचे आणि काय बिघडलं ते सरळ बदलून टाकायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. "मी आत्ता झोपतो टेबलावर. काढा माझं."

"अण्णा, समजा तुमच्या घरी आमटी आधीच पातळ झालीय," डॉक्टर म्हणाल्या. "त्यात पाहुणे आले म्हणून कुणी आणखी तांब्याभर पाणी ओतलं. काय उरेल?"

"गरम पाणी," चेलना डब्यातून म्हणाली.

"बरोबर. ऑपरेशन करताना हृदय थांबवतात. तेवढा वेळ रक्त फिरतं बाहेरच्या यंत्रातून. त्या यंत्राच्या नळ्यांत आधीच द्राव भरलेला असतो, तो सगळा रोग्याच्या रक्तात मिसळतो. ज्याचं रक्त दाट त्याला ते सोसतं. ज्याचं आधीच पातळ, त्याच्या मूत्रपिंडांना, मेंदूला प्राणवायू पुरत नाही. मग हृदय झकास दुरुस्त होतं आणि माणूस डायलिसिसवर जातो. जखम भरत नाही, अंथरूण सुटत नाही. दुसऱ्याचं रक्त अडीअडचणीला आम्ही देतोच. पण जितक्या जास्त बाटल्या, तितकी इतर दुखणी मागं लागायची भीती. आपलं रक्त आपण घेऊन आत जावं, यासारखं दुसरं काही नाही."

"पण गोळ्या झाल्या, शिरेतून लोह दिलं, तेही झालं," अण्णा हात झटकत म्हणाले. "जातंय कुठं ते लोह?"

"आत पडून आहे. दुखणं लांबलं की आपलं यकृत एक पहारेकरी सोडतं, हेप्सिडिन नावाचा. तो लोहाची सगळी दारं लावून घेतो. बाहेरचं आत नाही, गोदामातलं रक्तात नाही." डॉक्टरांनी बरणी उचलली. "पूर्वी अनवाणी चालणाऱ्यांच्या पायातून अंकुशकृमी शिरायचे. आतड्याला चिकटून रक्त प्यायचे आणि त्या पहारेकऱ्याला बरोब्बर चकवायचे. त्यांच्या लाळेतच ती करामत असते. त्याच कृमीची जनुकं बदलून हा केलाय. हा लोहकृमी. हा रक्त पीत नाही. आपण जेवलेल्या अन्नातलं लोह खातो आणि जिथं चिकटतो तिथून रक्तात सोडतो."

"म्हणजे चोराला फौजदार केला म्हणा की!" अण्णा खूश होऊन म्हणाले.

"ऑपरेशनच्या येळंला बी आतच ऱ्हाणार?" राजमतीनं विचारलं.

"छे. ऑपरेशनात रक्त गोठू नये म्हणून औषध देतात. तेव्हा हे आत असले तर त्यांनी धरलेली प्रत्येक जागा वाहत राहील. आठवडाभर आधी एक गोळी घ्यायची. मरून जातात सगळे."

राजमतीनं बरणीकडं पुन्हा एकदा बघितलं. चेलनाला वाटलं, आईला सुटल्यासारखं झालं असेल. तिला स्वतःला तरी झालं होतं. मरतात ना? मग ठीक.

परतीच्या बिनचालकाच्या बसमध्ये चेलनानं माहितीपत्रक उघडलं. वर एका गुबगुबीत कृमीचं चित्र होतं. त्याच्या डोक्यावर नर्सची टोपी, तोंडावर हसू. हसू! आणि खाली त्याचा प्रवास. दंडावर ओली पट्टी बांधायची, तिच्यातली डोळ्यांना न दिसणारी पिल्लं कातडीतून आत शिरणार. तिथून शिरेत. शिरेतून हृदयात, त्याच आजारी हृदयात, तिथून फुप्फुसात. मग खोकल्याबरोबर घशाशी येणार आणि तिथून...

"गिळायचे?" चेलना एवढ्या मोठ्यानं ओरडली, की पुढच्या सीटवरच्या बाई वळून बघायला लागल्या. "आई, तू खोकलीस की ते वर येणार आणि तू ते *गिळणार*!"

"हळू बोल," राजमती दवाखान्यातच दंडावर बांधलेली पट्टी पदराखाली झाकत म्हणाली. "लोकं ऐकाय लागल्यात."

लोकांनी ऐकलं. लोकांचं सोडा, शांतलाकाकूनं ऐकलं. अण्णांच्या थोरल्या भावाची ही बायको. तिचं स्वयंपाकघर म्हणजे देवघराच्या वरचढ सोवळं. पाणी दोनदा गाळायचं, भाजी चिरण्याआधी पान न् पान उजेडात धरायचं. जीव जाऊ नये म्हणून, अशी मूळची रीत. पण काकूचं तोंड बघितलं की वाटायचं, तिला जिवांची दया कमी आणि किळस जास्त येते.

"अगं बया! किडं? आपल्या पोटात? आणि या चुलीला हात लावणार?" तिनं पदरानं नाक दाबलं. "राजमती, तुझं ऑपरेशन हुईतोवर तू भाईरच्या खोलीत बस. ताट आणून दीन. तांब्या निराळा, अंथरूण निराळं."

"काकू, ते असे उडत नाहीत काही," चेलना म्हणाली. "मातीत पडल्याशिवाय त्यांची पिल्लं होत नाहीत. आणि यांना तर पिल्लं होतच नाहीत, तसेच बनवलेत."

"मग तू जेव तिच्या ताटात."

चेलना गप्प बसली. करंडकवाली चेलना! कारण तिच्या डोळ्यांपुढं ती वाकडी मान आली, काचेवर सरकणारी. घशात आंबट पाणी आलं.

तर राजमतीचं बस्तान बाहेरच्या खोलीत पडलं. चेलना दोन वेळा ताट घेऊन जायची. नाचणीची भाकरी, पोकळ्याची भाजी, मटकीची उसळ, गूळ. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, पाहुण्यांना भरपूर खाऊ घाला. ताट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचं आणि श्वास रोखून मागं वळायचं. आई खोकली की चेलनाच्या पायांना पंख फुटायचे.

"बस की गं जरा. शाळेत काय झालं सांग."

"गृहपाठ आहे आई!"

महिनाभरात खोकला थांबला. मग हळूहळू जे व्हायला लागलं ते बघून अण्णा रोज एकदा "बघा, बघा!" करायचे. राजमतीच्या मनगटपट्टीवर रक्ताचा आकडा दिसायचा, तो चढायला लागला. नऊ झाले, दहा झाले. नखांवर गुलाबी झाक आली. ती अंगणात न थांबता फिरायला लागली. अकरा ओलांडले त्या दिवशी डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. चेलनाला आनंद झाला, अगदी खरा आनंद. पण त्याच्या खाली ते ढवळणं होतंच. आईच्या गालावर जो रंग येतोय तो कुठून येतोय? तिच्या आतड्याला तोंड लावून बसलेल्या त्या... शी!

भाद्रपद लागला. जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व आलं, मंदिरात रोज पूजा, घरोघरी कुणाचं एकाशन, म्हणजे दिवसात एकच जेवण, तर कुणाचा उपास. राजमतीला डॉक्टरांनी उपासाची सक्त मनाई केली होती, आणि ताटं तर रोज चाटूनपुसून रिकामी परत येत होती. त्यामुळं पर्वाच्या शेवटी मनगटपट्टीवरचा आकडा नऊवर आलेला बघून अण्णांनी आधी पट्टीलाच टिचक्या मारल्या. "सेन्सर गेला वाटतं," ते म्हणाले आणि पट्टी उघडून बसले.

सेन्सर गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. चेलना धावली. दार लोटलं. राजमती भिंतीला टेकून खाली बसली होती, ओठ पांढरेफटक. आणि शेजारच्या संडासात जे होतं ते काळं होतं. डांबरासारखं काळं आणि चिकट. त्याचा वास असा होता, की चेलनाला तो नाकात न जाता सरळ पोटात गेल्यासारखा वाटला. माहितीपत्रकात ते वाचल्याचं तिला आठवलं. काळं म्हणजे रक्त. आतल्या आत वाहिलेलं, पचलेलं रक्त.

"हात लावू नगोस!" मागून काकू ओरडली. "अण्णास्नी बोलव!"

आणि चेलनानं हात लावला नाही. उंबऱ्यावर उभी राहून तिनं "अण्णाऽऽ" अशी हाक मारली आणि आईकडं बघत राहिली. आईनं उठायला म्हणून हात पुढं केला होता. तो हात तसाच हवेत राहिला, मग खाली गेला. अण्णा आले, त्यांनी उचललं. चेलनाच्या तोंडाला पुन्हा ते आंबट पाणी सुटलं होतं, पण आता नक्की कशाची किळस येतेय ते तिला कळेना. संडासाची, कृमींची, की उंबऱ्यावरच्या त्या मुलीची?

दवाखान्यात डॉ. शिकलगारांनी तपासण्या बघितल्या आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"ताई, तुम्ही किती दिवस जेवला नाहीत?"

अण्णा म्हणाले, "अहो, ताटं रिकामी येत हुती."

राजमती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आवटीच्या म्हशीला घालत हुतो."

झालं! बाहेरच्या खोलीच्या खिडकीखाली शेजारच्या आवटींची म्हैस बांधलेली असायची. नाचणी, पोकळा, मटकी, गूळ, सगळं तिच्या पोटात. तरीच म्हैस अशी तुकतुकीत दिसायला लागली होती! घरात सगळ्यांच्या पंगतीत बसली असती तर राजमतीचा उपास पहिल्याच दिवशी पकडला गेला असता. पण तिला पंगतीबाहेर काढलं होतं. तिच्या ताटाकडं बघायला कुणी थांबत नव्हतं.

"त्या कृमींना अन्न मिळालं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "जनुकं बदलली तरी जात अंकुशकृमीची. आठवडाभर उपाशी राहिले आणि आपल्या मूळ धंद्यावर गेले. तुमचं रक्त प्यायला लागले. का केलंत हे?"

"त्यास्नी मारायचं ठरलंय न्हवं?" राजमती म्हणाली. "तेचं आधीच प्रायश्चित्त करत हुतो. पर धाव्या दिवशी मला कळलं, आधी प्रायश्चित्त करून मारायचं, ह्ये तर लईच वंगाळ. बाई, ती गोळी मी घेणार न्हाई."

"आई!" चेलनाचा संताप उसळला. "शाळेत जंताची गोळी देतात ती तू मला स्वतः गिळायला लावलीस. तेव्हा नाही जीव आठवले?"

"ते आपण बोलावल्याले नव्हते. ह्यास्नी मी हात फुडं करून बोलवून आणलंय. तेंच्या जिवावर रंग आला माझ्या तोंडाला." राजमती शांतच होती. "दोन इंद्रियांचा जीव हाय त्यो. तेला शिवल्यालं कळतं, चव कळती. दुसरं काय बी कळत न्हाई. तेवढंच कळणाऱ्याला काम झाल्यावर ठरवून मारायचं? संकल्पी हिंसा म्हणतात तिला. शेतात नांगराखाली मेला तर गोष्ट येगळी."

"गोळी घेतली नाही तर ऑपरेशन होणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ऑपरेशन झालं नाही तर ही झडप तुम्हाला फार तर वर्ष देईल."

"ठावं हाय."

बाहेर व्हरांड्यात काकूनं डबा आणला होता. ती अण्णांना भिंतीशी घेऊन हळू आवाजात बोलायला लागली. चेलना पाठीमागं उभी होती.

"एवढं काय त्यात? आधी धा-पंधरा दिवस खाऊन-पिऊन आकडा चढू दे. मग गोळी कुटायची आणि पोळीच्या लाडवात घालायची. गुळानं कडू लागत न्हाई. ऑपरेशन झाल्यावर कोण इचारतंय?"

अण्णा फरशीकडं बघत होते. नाही म्हणत नव्हते. शेवटी म्हणाले, "चेलनाच्या हातचं ती खाईल."

चेलनाच्या पोटात जे ढवळलं ते बरणी बघून ढवळलं होतं तसं नव्हतं. ते ओकून बाहेर पडणारं नव्हतं. लाडू तिच्या डोळ्यांपुढं आला, वेलची घातलेला, तुपाचा. आणि तो हातात घेऊन "आई, खा की गं" म्हणणारी ती स्वतः, गोड आवाजात. तो लाडू बरणीतल्या सगळ्या कृमींपेक्षा घाणेरडा होता. आणि खरं सांगायचं तर क्षणभर तिला तो करावासाही वाटला होता. आई जगायला हवी होती तिला, कशीही.

ती वळली आणि धडक डॉक्टरांच्या खोलीत शिरली.

"डॉक्टर, त्यांना न मारता बाहेर काढता येतं का?"

डॉ. शिकलगार थांबल्या. "जुनी एक गोळी आहे. ती कृमींना मारत नाही, लुळं करते. त्यांची पकड सुटते आणि शौचातून ते जिवंत बाहेर पडतात. पण पुढं काय? इथले संडास आपोआप सगळं निर्जंतुक करतात, क्षणात उकळतात. मरायचेच."

"पण कुणी आधीच वेचून काढले तर? कोमट पाण्यात ठेवले तर?"

"तर आमच्या प्रयोगशाळेत राहतील, आपलं आयुष्य संपेपर्यंत. त्यांना अभ्यासाला हवेच आहेत." डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "पण चेलना, वेचणार कोण? मी कुठल्याही मावशींना हे काम सांगणार नाही. आणि बरणीतले कृमी बघून ओकलेली मुलगी मला अजून आठवतेय."

"मी वेचते," चेलना म्हणाली. तोंडातून शब्द आधी गेले, पोटाला नंतर कळलं.

राजमतीला सांगितलं तेव्हा ती ताडकन म्हणाली, "पोरीला असली घाण काढाय लावू? न्हाई."

"तू जीव वाचवायचे म्हणतेस ना? मग माझं मला ठरवू दे. तू फक्त जेव. माझ्यासमोर बसून जेव."

त्या दिवसापासून चेलना ताट घेऊन बाहेरच्या खोलीत बसायला लागली. म्हशीकडची खिडकी लावून घेतली. आई भाकरी खायची, चेलना प्रत्येक घास मोजल्यासारखी बघायची. पोटातल्यांना पुन्हा जेवण मिळालं, त्यांनी रक्त पिणं सोडलं, आकडा परत चढला. साडेबारा झाला तेव्हा डॉक्टरांनी ती जुनी गोळी दिली.

दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक लहानशी मोरीची खोली होती. तिथं चेलना स्टुलावर बसली. हातमोजे, तोंडाला मास्क, समोर बारीक जाळीची चाळणी, हलक्या पाण्याची धार, मऊ टोकांचा चिमटा आणि कोमट मिठाच्या पाण्याची बरणी. आणि चाळणीत तिच्या आईचं शौच.

मास्कला काही अर्थ नव्हता. वास कापडातून आत आला, जिभेवर बसला. धारेखाली सगळं पसरलं. नाचणीचा कोंडा, टोमॅटोच्या साली, पोकळ्याचे धागे. ते धागे इतके कृमींसारखे होते, की पहिल्या दोन वेळा चेलनानं मोठ्या आदरानं भाजीचे दोरे बरणीत सोडले. मग एक दोरा हलला. त्यानं वाकडी मान किंचित वर केली. चेलना मास्क खाली ओढून मोरीत ओकली, चूळ भरली, मास्क वर घेतला, चिमटा उचलला.

ओकारी थांबवायला काहीतरी बोलायला हवं होतं. तिला एकच गोष्ट पाठ होती, करंडकाचं भाषण. "सन्माननीय परीक्षक आणि माझ्या बंधुभगिनींनो," ती मास्कच्या आडून म्हणायला लागली, "माझ्या भाषणाचा विषय आहे, स्वच्छता..." आणि तिचं तिलाच असं हसू फुटलं, की हसता हसता पुन्हा ओकारी आली. दारात उभे असलेले अण्णा डोळे मिटून "बाळ, झालं काय? झालं काय?" विचारत होते. डोळे उघडायची त्यांची छाती नव्हती.

एकेक करत ते बरणीत गेले. लुळे, गुळगुळीत, बोटांत कळेल न कळेल असे. काही पाण्यात पडल्यावर सावकाश वळले. काही वळले नाहीत. आणि एकाला चिमटा जरा जोरात लागला. चेलनाला मोज्यातूनही ते कळलं, एवढासा दाणा फुटावा तसं. पाण्यात बारीक लाल धूर पसरला. तिच्या आईचंच रक्त. याची खोड पुरती गेली नव्हती म्हणायची.

सगळं झाल्यावर तिनं हात धुतले. साबण, पुन्हा साबण, मग लिंबू. वास गेला नाही. व्हरांड्यात काकू म्हणाली, "डब्याला हात लावू नगोस, मी वाढून दीन," आणि मग जवळ येऊन कुजबुजली, "हे बघ, तिला सांग सगळे जित्ते निघाले. न्हाईतर पुन्हा उपासाला बसंल आणि समदं पाण्यात."

अण्णांनी मान हलवली. "आता एवढ्यासाठी खोटं बोललं तर काय बिघडत नाही, चेलना."

ते दोघं चुकीचं बोलत नव्हते, हेच तर वाईट होतं. आठवडाभर आईनं नीट जेवणं जरुरीचं होतं. एक उपास, आणि इतकं सगळं वाया. चेलना खाटेशी गेली. राजमतीनं तिच्या तोंडाकडं बघितलं.

"सगळे?"

चेलनाला तो लाडू आठवला. तो अजून तिच्या हातातच होता म्हणायचा. नुसता पुढं करायचा.

"चार मेले," ती म्हणाली. "तीन आधीच मेले होते बहुतेक. एक माझ्या हातनं. चिमट्यात चिरडला." आणि मग घाईघाईनं, "पण तू उपास करायचा नाहीस! उपास केलास तर मी, मी..." पुढचं तिला सुचेना. करंडकवालीला वाक्य सुचेना.

राजमतीनं बोटांच्या पेरांवर चार मोजले.

"उपास न्हाई," शेवटी ती म्हणाली. "बाईंनी खायाला सांगितलंय, तर खाईन. पर चार जिवांचं काय तरी सोडाय पायजे. ऑपरेशन हुईतोवर बोलायचं सोडतो. मौन." तिनं चेलनाचा हात धरला, तोच, वासाचा. चेलना तो मागं ओढायला लागली, पण पकड सुटेना. "एक तुज्या हातनं गेलाय. तुला बी करायला लागंल."

"मी? मौन?" चेलना किंचाळली. "आठवडाभर? आई, मी मरेन!"

त्यानंतर बराच काळ तेच तिचं शेवटचं वाक्य ठरलं.

आठवडाभर दोघी समोरासमोर बसून न बोलता जेवल्या. शाळेत बाईंनी चेलनाला फळ्यापाशी उभं केलं आणि तिनं उत्तर खडूनं लिहिलं, तेव्हा सगळा वर्ग तिचा ताप बघायला आला. ऑपरेशनच्या सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी "मावशी, तुमचं नाव सांगा" म्हटलं, तर राजमतीनं नुसतं हसून मनगटपट्टी पुढं केली. दार बंद झालं. यंत्र तिचं रक्त फिरवायला लागलं.

दुपारी डॉ. शिकलगार बाहेर आल्या. "झडप बसली. लघवी छान होतेय, मूत्रपिंडं ठणठणीत. आणि बाहेरच्या रक्ताची एकही बाटली उघडावी लागली नाही." अण्णा खांबाला धरून रडायला लागले. चेलनाला वाटलं आता बोलावं, ऑपरेशन झालंय. पण आई बोलल्याशिवाय नको, म्हणून तिनं ओठ मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी तिला आत सोडलं. राजमती उशांना टेकून बसली होती. छातीवर भलंमोठं बँडेज, नाकाला नळी, नखं गुलाबी. नर्सबाई तिच्या छातीशी उशी दाबून धरत होत्या.

"खोका मावशी, जोरात. आत साचलंय ते बाहेर पडलं पाहिजे. न्हाईतर फुप्फुस बसेल." मग त्यांनी चेलनाच्या हातात स्टीलचं भांडं दिलं. "हनुवटीखाली धर गं. मी पाठ धरते."

राजमती खोकली. वेदनेनं तिचा चेहरा वाकडा झाला. घशात काहीतरी घरघरलं, वर आलं आणि भांड्यात पडलं. पिवळट, दाट, चिकट, त्यात रक्ताचे तांबडे दोरे. त्याचा एक धागा अजून तिच्या ओठाला लोंबत होता. चेलनाच्या पोटानं एक मोठी गिरकी घेतली.

राजमतीनं डोळे उघडले, लेकीच्या तोंडाकडं बघितलं आणि इतक्या दिवसांनी बोलली, खरखरत, तुटक.

"किळस येतीया न्हवं? जा तू. ह्या धरतील."

"येतीय की," चेलना म्हणाली. ओठावरचा धागा तिनं बोटानंच काढला आणि भांडं आणखी जवळ धरलं. "खोक."